दोरीच्या अलीकडे

सकाळी सातच्या सुमारास ती वाळूच्या पट्ट्यावर पोहोचली, तेव्हा तिला सगळ्यात आधी दिसली ती दोरी. गुंडाळून ठेवलेली. शेजारी उपटलेले बावीस खुंट मोळीसारखे नीट रचलेले. चोर असता तर दोरी घेऊन गेला असता, आणि टवाळ पोरं असती तर खुंट पाण्यात फेकून मोकळी झाली असती. पण ही दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळली होती आणि शेवटचं टोक मधून ओढून घेतलं होतं. तशी दोरी गुंडाळणारी दोनच माणसं तिला माहीत होती. एक ती स्वतः, आणि दुसरा तिचा धाकटा भाऊ. दोघांना वडिलांनी एकाच दिवशी शिकवलं होतं.

तिला सगळे टिटवी म्हणत. नाव भावानंच ठेवलेलं, तो सहा वर्षांचा असताना, कारण ती त्याच्यावर सारखी ओरडायची. पुढे ते नाव तिला अंगच्या कातडीसारखं चिकटलं. बावन्न वर्षांची, बारीक, उन्हानं रापलेली बाई. तिनं लग्न का केलं नाही हे विचारायची हिंमत आजवर कुणाला झाली नव्हती. अठरा वर्षं ती बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. भेटीची वेळ संपल्यावर आत घुसणारा नवरा असो, सासू असो की कुणी बडा साहेब, ती दाराच्या चौकटीत हात आडवा लावून उभी राहायची आणि एकच वाक्य बोलायची, "उद्या चार वाजता." तो हात खाली घ्यायला लावणारा माणूस त्या हॉस्पिटलात पैदा झाला नव्हता.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिनं नोकरी सोडली आणि भावाबरोबर समुद्रकाठच्या पायी सहली सुरू केल्या. सकाळी निघायचं, कड्याखालून ओहोटीच्या वेळेत खडकांपर्यंत जायचं, खळग्यांतले खेकडे, तारामासे बघायचे, मग वाळूच्या पट्ट्यावरचे पक्षी, आणि भरती चढायच्या आत वरच्या वाटेनं परत. ऑफिस भाऊ सांभाळायचा आणि वाट ती. तिचे नियम निघण्यापूर्वीच सांगून व्हायचे. खळग्यातला दगड उचललात तर होता तसाच परत ठेवायचा, त्याच्या खाली कुणाचं तरी घर आहे. कुणाला काही खायला घालायचं नाही. आणि पक्ष्यांपासून पन्नास पावलं लांब. "त्यानं मान वर करून तुमच्याकडे बघितलं, की समजायचं, आपण त्याला त्रास दिला. उठून उडाला, तर आपण त्याचं नुकसान केलं."

पट्ट्यावरचे पक्षी म्हणजे सुरय. पांढरे, सडपातळ, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखे. हे घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाहीत. शिंपल्यांच्या चुऱ्यात पोटानं एक खळगी करतात आणि त्यात अंडी घालतात, दोन, फार तर तीन. अंडी अशी ठिपक्याठिपक्यांची, की पाय पडला तरी गोटा होता की अंडं ते बुटाच्या तळव्याला चिकटल्यावरच कळावं. म्हणून ती दोरी. यंदा एकोणचाळीस खळग्या होत्या. आठवडाभरात अंडी फुटायला लागली असती, आणि पुढे तीन आठवड्यांत पिल्लं उडाली असती.

टिटवीनं दोरी खांद्यावर टाकली आणि तडक ऑफिस गाठलं.

ऑफिस म्हणजे बसथांब्यासमोरची एक लांबट खोली. एका भिंतीला भाड्यानं द्यायचे बूट, दुसरीला भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि खुंटीला टांगलेल्या दुर्बिणी. भाऊ टेबलामागे होता.

"दोरी तू काढलीस?"

"हो." त्यानं कॉम्प्युटरवरून नजर काढली नाही. "चहा घेणार?"

"अंडी आहेत तिथं."

"माहितीये. म्हणूनच काढली." आता त्यानं खुर्ची वळवली. "ताई, टेकडीवरचं हॉटेल आपल्याला अख्ख्या हंगामाचं काम देतंय. रोजची सहल, चौदा जणांची. मॅनेजरची एकच अट आहे, पाहुण्यांना पक्षी जवळून दिसले पाहिजेत. आठ पावलांवरून बघतील, फोटो काढतील, परत येतील. पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"पाच मिनिटांत अंडं शिजतं. अकरा वाजता त्या वाळूवर अनवाणी उभा राहून बघ. आई अंड्यावर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला."

"दर वर्षी तू हेच सांगतेस. पन्नास पावलांवरून लोकांना पांढरे ठिपके दिसतात, ताई. ठिपके बघायला कुणी येत नाही."

"बाळंतिणीच्या खोलीत तू चौदा परके लोक सोडशील?"

"ते पक्षी आहेत."

"हो, आणि त्यांच्या खोलीला दार नाही. म्हणून तर मी दोरी लावली."

भावानं कपाळ चोळलं. तो काही वाईट माणूस नव्हता. गेल्या हंगामात निम्म्या सहली माणसांअभावी रद्द झाल्या होत्या, आणि हॉटेलचं काम म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन अशी गत होती. तो म्हणाला, "तू थोडे दिवस सुट्टी घे."

"काढून टाकतोयस?"

"सुट्टी म्हणालो मी."

"तेच ते. फक्त पाण्यात कालवून दिलंस." तिनं सामानाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, खुंटीवरून स्वतःची हॅट घेतली आणि कोपऱ्यातली तिपाईवरची मोठी दुर्बीण उचलली. ती दुर्बीण तिची होती, हॉस्पिटलातल्या बायकांनी वर्गणी काढून निरोपाला दिलेली. दोरी मात्र त्यानं परत मागून घेतली. "ती कंपनीची आहे," तो म्हणाला, आणि म्हणताना त्यालाही बरं वाटलं नसावं.

तिथून ती सरकारी कचेरीत गेली. किनाऱ्याचं काम बघणाऱ्या कारकुनानं तिला बसायला खुर्ची दिली, अर्ज घेतला, शिक्का मारला. "आता पाहणी होईल, मग अहवाल, मग आदेश. धरून चाला सहा आठवडे."

"चार आठवड्यांत पिल्लं उडून जातील."

"मग प्रश्नच मिटला," कारकून म्हणाला. त्याच्या मनात काही खोट नव्हती. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

घरी आई होती. ती टिटवीकडेच राहायची, पण पोटाला दोन्हीकडची चिंता बांधून. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "दूध मी दोघांना सारखंच पाजलं. डोकं एकालाच आलं. कुणाला, ते तुमचं तुम्ही ठरवा." एवढं बोलून ती गॅलरीत गेली आणि कपडे वाळत घालायची दोरी सोडायला लागली. टिटवीनं विचारलं, "मग कपडे?" आई म्हणाली, "खुर्च्यांवर."

दुसऱ्या दिवशी उजाडताच टिटवी पट्ट्यावर होती. लाटांनी आणून टाकलेली लाकडं गोळा करून तिनं वाळूत रोवली, आईची निळी दोरी त्यांना बांधली. दोरी पुरली नाही. उरलेल्या जागी तिनं काठीनं वाळूत रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे घडीचं स्टूल टाकलं, दुर्बीण लावली आणि बसली.

साडेदहाला भाऊ आला. मागे हॉटेलच्या एकसारख्या टोप्या घातलेले चौदा जण.

"ताई, ऊठ."

"किनारा सगळ्यांचा आहे. तूच छापलंयस तुझ्या पत्रकावर, पहिल्याच ओळीत."

टोप्यांमध्ये कुणीतरी हसलं. भावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो पाहुण्यांना म्हणाला, "चला, या बाजूनं," आणि त्यानं स्वतः दोरी पायानं दाबून धरली.

टिटवी ओरडली नाही. अंगाला हात लावणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि चौदा जणांना ती एकटी अडवू शकणार नव्हती. सगळ्यात पुढे लांब नळीचा कॅमेरा घेतलेला एक गृहस्थ होता. ती त्याला म्हणाली, "साहेब, आत जायच्या आधी एक करा. वाळूवर तळहात ठेवा आणि मनात वीस मोजा."

त्यानं गंमत म्हणून हात ठेवला. सातला उचलला.

"तुम्ही आत उभे असाल तोवर एकही आई परत येणार नाही. अंडी त्या वाळूवर आहेत. इथून बघायचं असेल तर ही दुर्बीण आहे. चोचीवरचा काळा ठिपकासुद्धा दिसतो."

गृहस्थ तळहात चोळत तिथंच थांबला. आणखी आठ जण थांबले. पण पाच जण भावाच्या मागून आत गेले. सगळा पट्टा एकदम उठला. पांढऱ्या पंखांचा नुसता कल्लोळ झाला, डोक्यावर घिरट्या, चिरका आरडाओरडा. त्या पाचांना वाटलं, काय देखावा आहे. टिटवी घड्याळाकडे बघत होती. तीन मिनिटं. पाच. सात. आणि मग कड्यावरून दोन कावळे उतरले. ते जणू वाटच बघत असावेत. माणसांपासून दहा हातांवर एका खळगीत चोच गेली आणि कावळा अंडं घेऊन उडाला. दुसऱ्यानं तर कुठंही न्यायची तसदी घेतली नाही, जागच्या जागी फोडलं. आत गेलेल्यांपैकी एका बाईनं ते पाहिलं आणि ती तोंडावर हात ठेवून मागे फिरली. भावानंही पाहिलं. तो पुढे धावला, कावळ्यावर हात उगारला, आणि धावता धावता त्याच्या पायाखाली काहीतरी कुरकुरलं.

बूट उचलून तो तसाच उभा राहिला, एका पायावर.

"तिथून सरळ मागे ये," टिटवी म्हणाली. आवाज वॉर्डातला होता, शांत. "तुझीच पावलं बघ आणि त्यांच्यावरच पाय ठेव. बाकीच्यांनीही तसंच."

सगळे बाहेर आले. भाऊ तिच्याकडे न बघता पाहुण्यांना घेऊन निघून गेला. तिनं दुर्बिणीतून पुन्हा मोजलं. धड खळग्या एकोणचाळीसच्या छत्तीस झाल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा ती स्टुलावर बसून रडली, पाचेक मिनिटं. मग नाक पुसलं आणि पायानं पुसली गेलेली रेघ पुन्हा ओढली.

दुसऱ्या दिवशी ती परत तिथं होती. तिसऱ्या दिवशीही. रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून ती दुर्बिणीला डोळा लावायला सांगायची. कुत्रं घेऊन फिरायला येणाऱ्या एका सुताराला तिनं पहिल्या दिवशी झाडलं, "पट्टा बांधा त्याला, नाहीतर मी तुम्हालाच बांधीन." सुतार निमूट गेला. दुसऱ्या दिवशी तो पट्टा बांधलेलं कुत्रं, हातोडा आणि तीस सरळ खुंट घेऊन आला. "तुमची लाकडं बघून माझ्या पोटात दुखत होतं, बाई," तो म्हणाला. "एक धड उभं नाही." तेव्हापासून दुपारची तिची जेवायची वेळ तो सांभाळायचा. पक्ष्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण आत पाय टाकणाऱ्याकडे तो हातोडा मांडीवर ठेवून अशा नजरेनं बघायचा की माणूस आपोआप दुसरी वाट धरायचा.

हॉटेलच्या टोप्या रोज यायच्या. पण त्या पहिल्या दिवसानंतर भाऊ त्यांना दोरीच्या आत घालत नव्हता. दोरीशी उभा राहायचा, "थोडं इथूनच बघू," म्हणायचा आणि टिटवीकडे पाठ करायचा. पाहुणे मात्र तिच्यापुढे रांग लावायचे. पहिलं अंडं फुटलं तेव्हा तिनं एका म्हाताऱ्या पाहुण्याला हाक मारून दाखवलं, वाळूच्याच रंगाचं, ओलं, अंगठ्याएवढं पिल्लू. तो बराच वेळ दुर्बिणीवरून हटेना. मागचे कुरकुरले तेव्हा म्हणाला, "जरा दम धरा, ते अजून वाळतंय."

घरी आई रोज दोन डबे भरायची. एक टिटवीच्या हातात द्यायची आणि दुसरा भावाच्या ऑफिसात स्वतः नेऊन ठेवायची. दोघांच्या डब्यांत एकच जेवण असायचं, आणि दोघांना एकच टोमणा: "दुसऱ्याची भूक बरी आहे. तुझी?"

नवव्या दिवशी हॉटेलचा मॅनेजर स्वतः आला. वाळूत चालायला अगदी अयोग्य असे चकचकीत बूट होते त्याचे. त्यानं रांग बघितली, दुर्बिणीतून बघितलं आणि स्टुलाशेजारी उकिडवा बसला.

"मॅडम, मी स्पष्ट बोलतो. परतल्यावर पाहुणे तुमच्याबद्दलच बोलतात. तुमच्या भावाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तुम्ही थेट आमच्याकडे या. हे काम आम्ही तुमच्या नावावर करू. मधे भाऊ नको."

"आणि दोरी?"

"दोरी राहील. म्हणजे शक्य तितकी. काही खास पाहुण्यांसाठी थोडी ढील द्यावी लागेल, पण ते आपण बघू."

टिटवीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "मी भावाशी भांडतेय. भावाला विकत नाहीये. आणि खास पाहुणे मी अठरा वर्षं दारात उभे केलेत. त्यांना सांगा, उद्या चार वाजता."

मॅनेजरला चार वाजताचं कळलं नाही, पण नकार कळला. बुटातली वाळू झाडत तो गेला, तो थेट भावाच्या ऑफिसात. तिथं जे झालं ते टिटवीला आईकडून समजलं, कारण आई त्या वेळी डबा ठेवायला गेली होती आणि वेळापत्रक वाचायचं नाटक करत भिंतीशी उभी होती. मॅनेजर म्हणाला, तुमच्या बहिणीला तिथून हलवा, पोलिसांना सांगा, काहीही करा. आमच्या पाहुण्यांना जवळचे फोटो मिळत नाहीत. आणि रागाच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "आम्ही तिला तुमच्या जागी घ्यायला तयार होतो, तर तेही तिला नको."

"माझ्या जागी?" भावानं विचारलं.

जीभ दातांमागे ठेवायला मॅनेजरला उशीर झाला होता.

"मग भावानं काय केलं?" टिटवीनं आईला विचारलं.

"काय करणार? बूट मोजत बसला. भाड्याचे. दोनदा मोजले. मग म्हणाला, उद्यापासून टोप्या पाठवू नका."

त्या रात्री टिटवीला झोप चांगली लागली.

पुढचे दोन दिवस भाऊ आलाच नाही. तिसऱ्या दिवशी, सुतार जेवणाच्या वेळेला बसला असताना, तो एकटाच आला आणि दोरीशी उभा राहिला. सुतारानं सवयीनं हातोड्यावर हात ठेवला.

"अहो, भाऊ आहे मी तिचा."

"म्हणूनच," सुतार म्हणाला.

टिटवी खडकाच्या सावलीतून उठून आली. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. पिल्लं आता दुडुदुडु धावत होती. आया मासे घेऊन येत होत्या आणि इतक्या सारख्या दिसणाऱ्या पिल्लांतून नेमकं आपलं शोधत होत्या.

"तुझ्यामुळे हॉटेल गेलं," भाऊ म्हणाला.

"हो."

"जरा तरी वाईट वाटू दे."

"वाटतं. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. हे तुला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे उद्या म्हणायला नको."

त्यानं बुटाच्या टोकानं वाळू उकरली. "ते अंडं," तो म्हणाला आणि थांबला. "त्यात पिल्लू होतं, ताई. पूर्ण. पिसं आलेलं. बूट धुताना बघितलं मी."

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो तसल्या गोष्टींनी अवघडतो हे तिला ठाऊक होतं. ती दुर्बिणीपासून बाजूला झाली आणि म्हणाली, "डावीकडे बघ. तिसरी खळगी."

तो बघत असताना म्हणाला, "परत ये कामावर."

"आधी नियम लिहून दे. छापील पत्रकावर, किनारा सगळ्यांचा आहे त्याच्या खाली. आणि गिऱ्हाईक कितीही मोठं आलं तरी वाटेवर माझा शब्द शेवटचा."

"तू म्हणजे ना," भाऊ म्हणाला, पण खिशातून पेन काढलं. जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर, गुडघ्यावर ठेवून, त्यानं लिहिलं: पक्ष्यांपासून शक्यतो पन्नास पावले अंतर ठेवावे.

टिटवीनं कागद घेतला, पेन घेतलं, 'शक्यतो' हा शब्द खोडला. एकदा नव्हे, तीन रेघा मारून. मग 'ठेवावे'चं 'ठेवायचे' केलं आणि कागद परत दिला.

"व्याकरण," भाऊ म्हणाला.

"छाप तसंच."

एकोणतिसाव्या दिवशी शेवटची पिल्लं पाण्यावर उडाली. सत्तावीस पिल्लं तिनं मोजली. गेल्या वर्षीपेक्षा कमीच, पण सत्तावीस. पुढच्या आठवड्यात सरकारी कचेरीतून पाहणीची तारीख आली. कारकुनाबरोबर दोन अधिकारी येऊन रिकामा पट्टा बघून गेले. तिनं त्यांना प्रत्येक खळगी दाखवली, एकूण एक, आणि पुढच्या हंगामाचा अर्ज त्याच दिवशी त्यांच्या हातात दिला. कारकून म्हणाला, "अहो, अजून दहा महिने आहेत."

"सहा आठवडे तुमचे," ती म्हणाली, "आणि उरलेले तुम्हाला आठवण करून द्यायला माझे."

नव्या सहलीला पहिल्या सकाळी पाच जण आले. त्यातली एक ती बाई होती, जी त्या दिवशी तोंडावर हात ठेवून मागे फिरली होती. भावानं बूट दिले, माणसं मोजली, पाण्याच्या बाटल्या बघितल्या. टिटवी वेळापत्रकाखाली उभी राहिली आणि नियम सांगायला लागली. ओहोटी नऊ चाळीसला होती, आणि वाट लांबची.